भात सोडला, साखर सोडली. आता रात्रीचं जेवणही सोडू का?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४७, पतसंस्थेत बैठं काम, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९२ सेंटिमीटर. आठ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं आणि डॉक्टरांनी ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात’ असं सांगितलं. तेव्हापासून त्या रोज सकाळी ५० मिनिटं चालतात. भात पूर्ण बंद केला, रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि भाजी खातात. साखरेऐवजी गुळाचा चहा, सकाळी लिंबू-मधाचं पाणी. सोमवार, गुरुवार उपास. सुरुवातीला दोन किलो वजन उतरलं, नंतर पाच महिने काटा जागचा हललेला नाही. शिवाय जिना चढताना आणि जमिनीवरून उठताना गुडघे दुखू लागलेत. मुलगी म्हणते, जिमला जा. जाऊबाई म्हणतात, या वयात वजनं उचललीस तर उरलेले गुडघेही जातील. ताईंचा प्रश्न असा: चालणं दीड तास करू, की रात्रीचं जेवणच बंद करू? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘बाकी हिमोग्लोबिन ९.६ आहे, पण ते माझं नेहमीच कमी असतं.’

ताई,

सुरुवात तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासून करते, कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. बायकांच्या बाबतीत १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, आणि ९.६ हा मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय आहे. ‘नेहमीच कमी असतं’ याचा अर्थ तो जुना आहे एवढाच; तो चालण्यासारखा आहे असा नाही. जिना चढताना लागणारी धाप, दुपारी डोळ्यांवर येणारी झापड, चालण्याचा वेग न वाढणं या सगळ्याला तो कारण असू शकतो. तुमच्या वयात पाळी अनियमित होते, काहींना अंगावरून जास्त जातं, आणि ‘आता जायचीच वेळ आली’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. तुमचं तसं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन आणि बी१२ करून घ्या. लोह शरीरात किती साठलंय ते फेरिटिनवरून कळतं.

याचा तुमच्या साखरेशीही संबंध आहे. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे याचं मोजमाप. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. म्हणजे तुमचं ६.१ कदाचित पूर्णपणे साखरेचं नसेल. पण म्हणून ते सोडूनही देता येणार नाही, कारण ९२ सेंटिमीटर कंबर दुसरीकडे बोट दाखवतेय. खात्री करायची तर डॉक्टरांना विचारून उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनंतरची साखर तपासा. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि दोन तासांनी १४० ते १९९ हा उंबरठ्याचा पट्टा. एचबीएवनसीसाठी तो ५.७ ते ६.४ आहे.

आता भाताकडे येऊ. भात सोडलात तेव्हा त्या जागी काय आलं? दुसरी भाकरी. थोडा हिशोब करू. ४० ग्रॅम तांदळाचा भात शिजून साधारण एक वाटी होतो, त्यात पिष्ट पदार्थ सुमारे ३१ ग्रॅम. तुमच्याकडची हातावर थापलेली भाकरी ६० ग्रॅम पिठाची असेल, तर तिच्यात ४० ग्रॅमच्या आसपास. ज्वारीत तंतू जास्त असतात, तिची साखर सावकाश चढते, पोटाला आधार राहतो. भाकरी चांगलीच आहे. पण वाटीभर भाताच्या जागी दुसरी भाकरी आली की पिष्टाचा हिशोब वाढतो, कमी होत नाही. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एका भाकरीचं पीठ तोलून बघा. बहुतेक घरांत ते वाटतं त्यापेक्षा जास्त भरतं, आणि मोठ्या परातीत थापलेली भाकरी ८० ग्रॅमचीही निघते.

म्हणून भात हा गुन्हेगार नव्हता. एक भाकरी किंवा एक वाटी भात, यातलं रोज जे आवडेल ते घ्या. दोन्ही हवं असेल तर अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात. आमटी-भाताशिवाय ज्यांना जेवल्यासारखं वाटत नाही, त्यांनी तो सोडून वर्षभर मन मारत राहू नये.

गुळाचंही तसंच आहे. ग्रॅमला ग्रॅम धरलं तर गूळ आणि साखर यांच्या उष्मांकात नाव घेण्यासारखा फरक नाही, आणि रक्तातली साखर दोन्हींनी चढते. गुळातलं लोह तुमच्या रक्तक्षयाला पुरेल एवढं नाही. चार कप चहात दोन-दोन चमचे घातले तर दिवसाला सुमारे ४० ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारमार्गदर्शनात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २० ते २५ ग्रॅम आहे. मध, गूळ, काकवी सगळं त्यातच धरायचं. चहा दोन कपांवर आणा, कपात एक चमचा. लिंबूपाण्यात मध नको. नुसतं लिंबू पिळून प्यायलात तरी चालेल, पण त्याने चरबी वितळते ही समजूत मात्र सोडा.

इतके महिने तुम्ही ‘काय सोडू’ हाच प्रश्न स्वतःला विचारत आलात. भात सोडला, साखर सोडली, आठवड्यातले दोन दिवस जेवण सोडलं, आणि आता रात्रीचं जेवण सोडण्याची तयारी आहे. मला तुमच्या ताटात जास्तीचं थोडं आणि नसलेलं फार दिसतं. पत्रातल्या दिवसाची प्रथिनं मोजली: सकाळी चहा-बिस्किटं ३ ग्रॅम, डब्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी ९, चार वाजता चहा-फरसाण ३, रात्री दोन भाकऱ्या, भाजी आणि पातळ आमटी १६. सगळं मिळून ३१ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब किलोमागे ०.८३ ग्रॅम असा आहे. तुमच्या उंचीला साजेसं वजन ५३ किलो धरलं तरी किमान ४४ ग्रॅम होतात, आणि स्नायू परत बांधायचे असतील तर मी ५५ ग्रॅम धरायला सांगेन. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्या वाचकांनी हे प्रमाण स्वतःहून वाढवू नये, त्यांनी डॉक्टरांनाच विचारावं.)

स्नायूंवर मी एवढा भर का देते? जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. काम करणारा स्नायू तर इन्सुलिन कमी पडत असतानाही साखर ओढून घेतो. चाळिशीनंतर वापरात नसलेले स्नायू झिजत जातात, आणि पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरतं तशी चरबी पोटाकडे सरकते आणि हाडं विरळ होऊ लागतात. अशा वेळी फक्त खाणं कमी केलं आणि फक्त चाललं, तर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. तुमच्या त्या पहिल्या दोन किलोंमध्ये थोडे स्नायूही गेले असणार. रात्रीचं जेवण बंद केलंत तर हेच आणखी वेगाने होईल, आणि साखर मुरवायची जागाच लहान होत जाईल.

तेव्हा ताट असं मांडून बघा. सकाळी बिस्किटांऐवजी ५० ग्रॅम मूगडाळीच्या पिठाची दोन धिरडी, किंवा दोन अंडी; दोन्हीत साधारण १२ ग्रॅम प्रथिनं. डब्यात पोळ्या दोनच, पण भाजीबरोबर मटकी, मूग, चवळी किंवा मसूर यांची वाटीभर घट्ट उसळ, म्हणजे कोरडं कडधान्य ३०-३५ ग्रॅम, प्रथिनं ८ ग्रॅम. चार वाजता फरसाणाऐवजी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे. रात्री एक भाकरी, घट्ट वरण किंवा पिठलं, वाटीभर दही आणि मोठी वाटी काकडी-मुळा-गाजराची कोशिंबीर. चहातलं दूध धरून हे ५५ ग्रॅमच्या वर जातं. पातळ आमटी मात्र फसवते: चौघांच्या पातेल्यात मूठभर डाळ असेल तर एकाच्या वाट्याला जेमतेम २ ग्रॅम येतात. डाळ वाढवा, पाणी कमी करा. ज्या दिवशी मासे, चिकन किंवा अंड्याची आमटी असेल, त्या दिवशी उसळीची वाटी अर्धी केली तरी चालेल.

कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं आणि आठवड्यात लोक सोडून देतात. म्हणून पहिल्या आठवड्यात अर्धीच वाटी घ्या. रात्रभर भिजवून पाणी टाकून द्या, मोड आणा, पूर्ण मऊ शिजवा, फोडणीत हिंग-ओवा घाला. सालीच्या मुगापासून सुरुवात करा, तो पचायला सगळ्यांत हलका. हरभरा आणि राजमा शेवटी.

डबा खाल्ल्यावर लगेच चहा पिण्याची कार्यालयात पद्धत असते. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा, आणि उसळीवर लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने डाळी-पालेभाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. लोहाची गोळी सुरू झाली तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका.

उपासाबद्दल. तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि तो सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त तो ‘हलका’ असतो ही समजूत तपासून बघू. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ शुद्ध पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास पिष्ट, प्रथिनं नावाला. ७५ ग्रॅम साबुदाण्याची खिचडी, वर तूप आणि बटाटा, आणि दिवसभरात दोन केळी एक चिकू, असा उपास म्हणजे पिष्टाचाच दिवस. आठवड्यातून दोनदा. त्याऐवजी राजगिऱ्याचं थालीपीठ किंवा भगर, बरोबर शेंगदाण्याची आमटी, दही-ताक, काकडीची कोशिंबीर आणि एकच फळ ठेवा. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅमहून अधिक प्रथिनं असतात. खिचडीची फारच इच्छा झाली तर महिन्यातून एकदा, अर्धा साबुदाणा आणि भरपूर कूट घालून. भगरीबद्दल एक सावधगिरी: सुटं, जुनं किंवा दळून ठेवलेलं पीठ आणू नका, त्यात बुरशी धरते आणि विषबाधा होते. बंद पाकिटातली भगर आणून, निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळा. आणि ज्या वाचकांची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कडक उपास करू नये. साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

चालणं दीड तासावर नेऊ नका. दुखऱ्या गुडघ्यांनी आणि ९.६ हिमोग्लोबिनवर ते टिकणारही नाही. आहे तेच वाटून घ्या: सकाळी ३० मिनिटं, दुपारी डबा खाल्ल्यावर १० आणि रात्री जेवल्यावर १० ते १५. जेवणानंतर रक्तात साखर चढत असते, त्याच वेळी पाय हलले तर तिचा चढ कमी होतो. सकाळच्या एकगठ्ठा चालण्याने हे साधत नाही. कार्यालयात जागा नसेल तर व्हरांड्यात फेऱ्या मारा. सकाळच्या चालण्याचा वेग असा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. धाप लागत असेल, छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल तर थांबा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

आता जाऊबाईंच्या म्हणण्याकडे. गुडघा वजन उचलल्याने झिजतो अशी भीती घरोघरी आहे. पण गुडघ्याच्या सांध्याला सावरून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो दुर्बळ झाला की जिन्याच्या प्रत्येक पायरीचा भार थेट सांध्यावर येतो. म्हणूनच गुडघेदुखीच्या उपचारात मांडीचे व्यायाम पहिल्या ओळीत असतात. शरीराचं एक किलो वजन उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, तो फायदा वेगळाच. व्यायामाआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं ते गुडघा सुजत असेल, अडकत असेल, चालताना अचानक सुटल्यासारखा होत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर.

आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना सांगते. तुमच्यासाठी मंगळवार आणि शुक्रवार धरू, म्हणजे उपासाचे दिवस टळतात. २५ मिनिटं पुरतात, आणि पहिले तीन महिने जिमची गरज नाही.

मुख्य व्यायाम खुर्चीवरून उठ-बस. चाकं नसलेली, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या निम्म्या भागावर बसा, पावलं खांद्यांइतकी रुंद आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. छाती पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, मग टाचांवर जोर देत उठा आणि उठताना श्वास सोडा. बसताना तीन अंक मोजत सावकाश बसा. खरी ताकद या उतरण्यातच येते, आणि धपकन बसणाऱ्यांची तीच निसटते. आठ वेळा करा, दीड मिनिट थांबा, पुन्हा आठ. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात ही सर्रास होणारी चूक आहे. ते दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतात का, हे समोर आरसा ठेवून बघा. दुखत असेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा, आणि दर आठवड्याला थोडी कमी करा. हाताचा आधार लागला तर सुरुवातीला घ्या.

त्यानंतर ओट्याच्या कडेवर हात ठेवून तिरके जोर, आठ वेळा. ते जड वाटले तर भिंतीवर. मग पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, म्हणजे सेतुबंधासनासारखं, वर तीन अंक थांबायचं, दहा वेळा. जमिनीवर बसता-उठता येत नसेल तर कडक गादीवर करा. पुढे एका हाताने टेबल धरून, दुसऱ्या हाताने पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्यांची पिशवी कमरेपर्यंत ओढायची, दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा. शेवटी ओट्याला धरून टाचा वर-खाली, पंधरा वेळा. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, तिसऱ्या आठवड्यापासून तीन.

श्वास कोंडून धरू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. एखादी फेरी संपताना ‘अजून दोनच जमतील’ असं वाटायला हवं. वीस जमतील असं वाटत असेल तर तो व्यायाम तुमच्यासाठी संपला. तिन्ही फेऱ्यांत बारा-बारा सहज जमायला लागले की छातीशी दोन किलोंची पिशवी धरून उठ-बस करा, आणि पुन्हा आठपासून मोजा. बहुतेकांचं नेमकं इथेच चुकतं. सहा महिने तेच वजन, तेच आकडे, आणि मग ‘काही फरक पडत नाही’ ही तक्रार. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. पण सांध्याच्या आत टोचलं, सूज आली किंवा व्यायामाने वाढलेली दुखी दुसऱ्या दिवशीही तेवढीच राहिली, तर पुढच्या वेळी उशी वाढवा आणि फेरी कमी करा. स्वयंपाकघरात मात्र पाटावर बसून भाज्या चिरणं सध्या बंद. ओट्याशी किंवा खुर्चीवर बसून चिरा.

मुलीचं म्हणणं चुकीचं नाही. तीन महिन्यांनी पाच-सहा किलोंची पिशवी हलकी वाटू लागली की जिममधली वजनं सोयीची पडतात. आधी जाऊन बघा. शिकवणारा पहिल्या दिवशी तुमचे गुडघे, रक्तदाब आणि रक्तक्षय याबद्दल विचारतो का, आणि बायकांना नुसत्या ट्रेडमिलवर उभं करून ठेवत नाही ना, एवढं पाहा. पहिल्याच भेटीत प्रथिनांच्या डब्याचं बिल हातात देणारा असेल तर दुसरी जिम शोधा.

वजनकाट्याची भीती थोडी कमी करा. चेन्नईतल्या इंडियन डायबिटीज प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालण्याचं मार्गदर्शन दिलं गेलं. तीन वर्षांत नुसत्या सर्वसाधारण सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले, मार्गदर्शन मिळालेल्या गटात ३९ टक्के. त्या गटाचं वजन फारसं उतरलेलंही नव्हतं. म्हणून काट्यावर महिन्यातून एकदाच उभ्या राहा आणि कंबर दर पंधरा दिवसांनी मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आवळल्याशिवाय. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. तुम्ही सहा महिन्यांत ९२ वरून ८८ वर आलात तरी ते भरीव काम आहे. सोबत ३० सेकंदांत हात न लावता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं तेही वहीत लिहा, आज आणि मग दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी.

हे बदल सुरू केल्यापासून तीन महिन्यांच्या आत एचबीएवनसी परत करू नका. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधीचा आकडा अर्धवटच असतो. आणि मधल्या काळात लोहाचे उपचार सुरू झाले, तर तेवढ्यानेही तो थोडा खाली येऊ शकतो. म्हणून त्या वेळी उपाशीपोटीची आणि दोन तासांनंतरची साखर सोबत करा, आणि हिमोग्लोबिनचा जुना रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवा.